फोटो काढणारी घरी परतते तेव्हा

मागच्या महिन्यात एका दुपारी माझी नणंद न कळवता दारात उभी! हातात पिशवी नाही, आधी फोन नाही, चेहरा अगदी उतरलेला. मी नुकतंच मागचं आवरून मेथीची जुडी निवडायला घेतली होती. तिला पाणी दिलं, पंखा मोठा केला. घोटभर पाणी पिऊन ती म्हणाली,

"वहिनी, तुमच्या भाचीला आता तुम्हीच काय ते समजवा. आमचं कुणाचं ऐकत नाही ती."

मला वाटलं, लग्नाबिग्नाचं काही असेल. पण प्रकरण निराळंच निघालं. भाचीनं पत्रकारितेचा अभ्यासक्रम पुरा केला, हे मला ठाऊक होतं. गेली दोन वर्षं गळ्यात कॅमेरा अडकवून ती मोर्चे, पूर, निवडणुका असे फोटो काढत हिंडते, तेही ठाऊक होतं. आता तिच्या मनानं घेतलं होतं की, जिथं युद्ध चालू आहे अशा मुलखात जाऊन काम करायचं.

"मेलं ते युद्ध! हिचं काय अडलंय तिथं? आणि माणसं मरत असताना फोटो कसले काढायचे, सांगा बरं!" नणंदेचे डोळे भरून आले.

मी म्हटलं, "मला आठ दिवस दे. मी जरा वाचते, मग तिच्याशी बोलते."

आठाचे पंधरा दिवस झाले. वाचनालयातून पुस्तकं आणली, मुलाकडून संगणकावर शोधून घेतलं. जे हाती लागलं ते तुम्हालाही सांगावंसं वाटतं. कारण मैत्रिणींनो, हा प्रश्न एकट्या माझ्या नणंदेचा नाही. रोज सकाळी चहाच्या कपाशेजारी आपण वर्तमानपत्र उघडतो. कोसळलेली घरं, मुलाला उचलून धावणारा बाप, रांगेत भांडी घेऊन उभ्या असलेल्या बायका असा फोटो पहिल्या पानावर असतो. आपण "अरेरे!" म्हणतो आणि पान उलटतो. फोटोखाली बारीक अक्षरांत एक नाव असतं. ते नाव तुम्ही कधी वाचलंयत? खरं सांगते, मीही वाचत नव्हते.

ऐकून लिहिता येतं, ऐकून फोटो काढता येत नाही

आधी एक साधी गोष्ट ध्यानात घेऊ. बातमी लिहिणारा दहा जणांना विचारून, चार कागद पाहून, संध्याकाळी खोलीवर बसून बातमी लिहू शकतो. फोटो काढणाऱ्याला ती सोय नाही. गोष्ट घडली त्या वेळी, त्या जागी स्वतः हजर असलं तरच फोटो मिळतो. नुसतं हजर राहूनही भागत नाही, जवळ जावं लागतं. सैनिकाला लागणारी गोळी त्यालाही लागू शकते. फरक इतकाच, की सैनिकाच्या हातात बंदूक असते आणि याच्या हातात कॅमेरा.

पूर्वी असं नव्हतं. १८५५ साली क्रिमियाच्या युद्धात रॉजर फेंटन नावाचा इंग्रज छायाचित्रकार घोड्याच्या गाडीत अंधारखोली थाटून गेला होता. तेव्हाच्या कॅमेऱ्याला एका फोटोसाठी कितीतरी सेकंद लागत. त्यामुळं धावपळीची लढाई टिपणं शक्यच नव्हतं. छावण्या, तोफा, खुर्चीत बसलेले अधिकारी एवढंच त्याला टिपता आलं. पुढं हातात मावणारे, ३५ मिलिमीटर फिल्मचे लायकासारखे कॅमेरे आले आणि १९३६ साली स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं, तेव्हा छायाचित्रकार थेट गोळीबारात शिरले.

त्यांत एक तरुण मुलगी होती, गेर्डा टारो. जर्मनीतल्या ज्यू कुटुंबातली. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ साली ती पॅरिसला पळून आली. तिथं एका हंगेरियन तरुणाशी तिची गाठ पडली. दोघांनी मिळून 'रॉबर्ट कापा' नावाचा एक श्रीमंत अमेरिकन छायाचित्रकार चक्क कल्पनेतून उभा केला, म्हणजे फोटोंना भाव बरा मिळावा! पुढं ते नाव त्या तरुणानंच घेतलं आणि जगप्रसिद्ध केलं. जुलै १९३७ मध्ये ब्रुनेतेच्या लढाईत सैन्य माघार घेत होतं. जखमींना नेणाऱ्या एका मोटारीच्या पायरीवर गेर्डा उभी होती. त्या गोंधळात एक रणगाडा मोटारीवर आदळला. दुसऱ्या दिवशी, २६ जुलैला, ती गेली. १ ऑगस्टला पॅरिसमध्ये तिला मूठमाती दिली. तो तिचा सत्ताविसावा वाढदिवस होता. कापाही पुढं १९५४ साली व्हिएतनाममध्ये सुरुंगावर पाय पडून मेला.

गेर्डाचे कितीतरी फोटो नंतर वर्षानुवर्षं कापाच्या नावावर खपले. मेक्सिकोत जपून राहिलेल्या तीन पेट्यांतल्या सुमारे ४,५०० निगेटिव्ह २००७ साली न्यूयॉर्कला पोचल्या, तेव्हा कुठं तिचं काम तिच्या नावावर नीट लागायला लागलं.

आपल्याकडं तरी काय वेगळं होतं? भारतातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून ज्यांचं नाव घेतात त्या होमाई व्यारावाला मुंबईत जे. जे. स्कूलमध्ये शिकल्या. त्यांचे सुरुवातीचे फोटो छापून आले ते त्यांच्या यजमानांच्या नावानं. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं, तेव्हा त्या ९७ वर्षांच्या होत्या!

फॅशनच्या मासिकात आलेलं युद्ध

पण मैत्रिणींनो, या पंधरा दिवसांत माझ्या मनात जी घर करून बसली ती बाई वेगळीच. तिचं नाव ली मिलर.

१९०७ साली अमेरिकेत जन्मलेली ही मुलगी दिसायला इतकी देखणी, की 'व्होग' या फॅशन मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकली. पण नुसतं दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यापुढं उभं राहण्यात तिचं मन रमेना. १९२९ साली पॅरिसला जाऊन ती मॅन रे या कलावंताकडं फोटो काढायला शिकली. पुढं महायुद्धाच्या वेळी लंडनमध्ये ती 'व्होग'साठीच काम करत होती. शहरावर बॉम्ब पडत होते आणि ही टोप्या, झगे, हातमोजे यांचे फोटो काढत होती. मग पडलेल्या घरांचे काढू लागली. १९४२ च्या अखेरीला तिनं अमेरिकन सैन्याबरोबर वार्ताहर म्हणून जायची परवानगी मिळवली.

कोणासाठी? तर बायकांच्या मासिकासाठी! ज्या पानांवर ओठांच्या रंगाच्या जाहिराती, त्याच पानांवर तिनं नॉर्मंडीतल्या युद्ध-रुग्णालयातल्या परिचारिका आणि पट्ट्यांत गुंडाळलेले जखमी आणले. स्त्री वार्ताहरांना प्रत्यक्ष लढाईच्या जागी जायची मनाई होती. ऑगस्ट १९४४ मध्ये लढाई संपली असं समजून तिला सें मालो या गावी पाठवलं. जाऊन बघते तो लढाई ऐन रंगात! ती मागं फिरली नाही. फोटो काढत राहिली. नियम मोडला म्हणून सैन्यानं नंतर तिला नजरकैदेत ठेवलं.

तिच्याकडं रोलायफ्लेक्स कॅमेरा असे. जुन्या स्टुडिओत तुम्ही पाहिला असेल, पोटाशी धरून वरून खाली काचेत बघायचं तो. एका रोलवर बाराच फोटो. दूरचं जवळ आणणारी भिंग त्याला नाही. म्हणजे जे टिपायचं त्याच्याजवळ दोन पायांनी चालत जायचं.

३० एप्रिल १९४५ ला ती डाखाऊच्या छळछावणीत अशी चालत गेली. आदल्याच दिवशी अमेरिकन सैन्यानं ती छावणी मोकळी केली होती. बाहेर रुळांवर मालगाडीचे डबे उभे होते आणि डब्यांत प्रेतं. आत हाडांचे सापळे झालेले जिवंत कैदी. तिनं सारं टिपलं. लंडनला संपादिकेला तार केली, की हे खरं आहे, कृपा करून विश्वास ठेवा. कारण तिला ठाऊक होतं, लोक म्हणतील असं होणं शक्यच नाही. जून १९४५ च्या अमेरिकन 'व्होग'मध्ये ते फोटो छापून आले. मथळाच होता, 'विश्वास ठेवा'. ब्रिटिश आवृत्तीनं त्यातलं फार थोडं छापलं. युद्ध जिंकल्याच्या आनंदात कुणाला ते बघायचं नव्हतं.

आपलं हे पान वाचताना मला सारखं वाटत राहिलं, की आपल्यासारख्याच पाककृती आणि विणकामाच्या पानांच्या शेजारी त्या गृहिणींनी ते फोटो पाहिले असतील. कुणी पान झाकून ठेवलं असेल, कुणी पोरांपासून लपवलं असेल. पण एकदा पाहिल्यावर 'आम्हाला ठाऊक नव्हतं' असं म्हणायची सोय उरली नाही. फोटोचं मोल म्हणतात ते हेच. फोटो युद्ध थांबवत नाही, तसं असतं तर स्पेननंतरच युद्धं थांबली असती. पण 'असं घडलंच नाही' म्हणणाऱ्याचं तोंड तो बंद करतो. छळछावण्या खोट्या होत्या म्हणणारे आजही निघतात. त्यांच्यापुढं ठेवायला ते फोटो आहेत.

माळ्यावरची खोकी

गोष्ट इथं संपत नाही. माझ्या दृष्टीनं इथं सुरू होते.

युद्ध संपलं. ली घरी आली. १९४७ साली तिला मुलगा झाला, रोलंड पेनरोज या चित्रकाराशी लग्न झालं. इंग्लंडमधल्या ससेक्स परगण्यात शेतावरच्या घरात ती राहायला गेली. बाहेरून पाहणाऱ्याला सगळं दृष्ट लागण्यासारखं! पण आतून ती पोखरली गेली होती. झोप नाही, मन थाऱ्यावर नाही. दारूचा आधार घेऊ लागली. आज डॉक्टर ज्याला आघातानंतरचा मानसिक विकार म्हणतात त्याला तेव्हा धड नावही नव्हतं. पुढं तिनं कॅमेरा जवळजवळ खाली ठेवला आणि स्वयंपाकात जीव घातला. पॅरिसला जाऊन रीतसर पाकशास्त्र शिकली. पाहुणे थक्क होतील असे रंगीबेरंगी, गमतीदार पदार्थ करू लागली. कुणी युद्धातल्या कामाबद्दल विचारलंच तर उडवून लावी.

मुलाला आई आठवते ती चिडचिडी, दारू पिणारी, जवळ न येणारी. १९७७ साली ती गेली. त्यानंतर घरात बाळ आलेलं होतं, म्हणून सून नवऱ्याचे लहानपणचे फोटो शोधायला माळ्यावर चढली. तिथं खोकीच खोकी! निगेटिव्ह, छापील फोटो, टंकलिखित कागद. तिनं त्यातला सें मालोच्या लढाईचा मजकूर खाली आणून नवऱ्याच्या हातात दिला. आपल्या आईनं हे लिहिलंय, यावर त्याचा विश्वास बसेना. सारं मिळून सुमारे ६०,००० निगेटिव्ह आणि फोटो निघाले. मुलानं उरलेलं आयुष्य ते लावण्यात घालवलं, १९८५ साली आईचं चरित्र लिहिलं. आई त्याला भेटली ती अशी, ती गेल्यावर.

हे वाचलं आणि हातातली भाजी हातातच राहिली. युद्धातल्या गोळीची भीती सगळ्यांनाच कळते. पण गोळी चुकवून घरी आलेलीचं काय? ती जे पाहून आली ते तिच्याबरोबर घरात येतं. तिच्या ताटाशी बसतं, तिच्या उशाशी झोपतं. आणि घरातली माणसं, म्हणजे आपण, 'जाऊ दे, आता विसर' म्हणून खोकी माळ्यावर टाकतो.

बाईला दार उघडतं

"पण बाईनंच कशाला जायचं?" हा नणंदेचा दुसरा प्रश्न. त्याचं उत्तरही सापडलं.

१९६६ साली कातरीन लरुआ नावाची एकवीस वर्षांची फ्रेंच मुलगी एक लायका कॅमेरा घेऊन व्हिएतनामला पोचली. उंची जेमतेम पाच फूट! सैनिकांबरोबर हवाई छत्रीतून उडी मारली. १९६७ च्या मे महिन्यात तोफगोळ्याच्या तुकड्यांनी जखमी झाली. बरी होऊन पुन्हा गेली. १९६८ मध्ये ह्युए शहरात ती उत्तर व्हिएतनामच्या सैनिकांच्या हाती सापडली. तर या बाईनं त्यांच्याशी बोलून त्यांचेच फोटो काढले आणि सुखरूप बाहेर आली! 'लाइफ'च्या मुखपृष्ठावर ते झळकले. अमेरिकन घरांतून शत्रूचा चेहरा इतक्या जवळून प्रथमच दिसला. या साऱ्या काळात ती फ्रान्समध्ये आईला पत्रं लिहीत होती.

१९७६ च्या जानेवारीत बैरूतच्या करंतीना वस्तीत फ्राँस्वाज देम्युल्देर या छायाचित्रकर्तीनं, बंदूकधाऱ्यापुढं हात पसरून विनवणी करणारी एक पॅलेस्टिनी बाई टिपली. मागं घरं जळताहेत. या फोटोला वर्ल्ड प्रेस फोटोचा वर्षातला सर्वोत्तम फोटो म्हणून मान मिळाला. तो मिळवणारी ती पहिली स्त्री. लढाईच्या फोटोत पूर्वी सैनिक असत. इथं घर गेलेली बाई मधोमध आली.

आणि आणखी एक सांगते. मार्गारेट बर्क-व्हाइट हिनं बूखेनवाल्डची छळछावणी टिपली, त्याआधी पाणतीराच्या माऱ्यानं बुडणाऱ्या जहाजावरून जीव वाचवला. तीच बाई १९४६ साली आपल्या पुण्यात आली होती, गांधीजींचा चरख्याजवळचा तो प्रसिद्ध फोटो काढायला. गांधीजींच्या माणसांनी अट घातली, आधी सूत कातायला शिका! बिचारी शिकली. पुढं फाळणीतले निर्वासितांचे तांडेही तिनं टिपले.

जगातल्या कितीतरी घरांत परका पुरुष माजघरापर्यंत जाऊच शकत नाही. तिथं बाई जाऊ शकते, चुलीपाशी बसू शकते. युद्धात चूल कशी पेटते, बाळंतीण कुठं झोपते, हे एरवी कुणाला दिसणार?

"माणसं मरत असताना फोटो कसले?"

हा प्रश्न मात्र टाळण्यासारखा नाही. ८ जून १९७२ ला व्हिएतनाममधल्या ट्रांग बांग गावावर नेपामचे बॉम्ब पडले. अंगावरचे जळते कपडे टाकून रडत धावणारी नऊ वर्षांची मुलगी, हा फोटो तुम्ही पाहिलाच असेल. तिथल्या बातमीदारांनी तिच्या अंगावर पाणी ओतलं. निक उट या छायाचित्रकारानं तिला आपल्या गाडीतून रुग्णालयात पोचवलं. ती मुलगी, किम फुक, जगली. पुढं कॅनडात स्थायिक झाली आणि युद्धात होरपळलेल्या मुलांसाठी काम करू लागली. म्हणजे फोटो काढणारा हात मदत करू शकतो. नेहमी करतोच असं नाही, तेही खरं. त्या फोटोचं श्रेय नेमकं कुणाचं यावर २०२५ साली मोठा वाद झाला. ज्या संस्थेसाठी तो काढला तिनं निक उटचंच नाव ठेवलं, तर वर्ल्ड प्रेस फोटोनं ते नाव तूर्त बाजूला ठेवलं.

मला वाटतं, फोटो काढावा की हात द्यावा, हा प्रश्न ज्याला पडतच नाही त्यानं या कामाला जाऊ नये. भाचीला मी हे स्पष्ट सांगितलं.

आपल्या जवळचे

१९७१ चा डिसेंबर मला आठवतो. मुंबईत खिडक्यांच्या काचांना काळे कागद, भोंगा झाला की दिवे बंद. आम्हा पोरांना त्याचीही गंमत वाटे. त्याच दिवसांत किशोर पारेख हा छायाचित्रकार कुणाच्याही नेमणुकीविना, स्वतःच्या हिमतीवर बांगलादेशात गेला. दोन आठवड्यांत काढलेल्या ६७ फोटोंचं पुस्तक त्यानं केलं. आपण अंधारात बसलो होतो तेव्हा पलीकडं काय चाललं होतं, ते त्यात दिसतं.

रॉयटर्सचा दानिश सिद्दिकी तर अगदी आपल्या काळातला. सप्टेंबर २०१७ मध्ये होडीतून बांगलादेशच्या किनाऱ्याला लागलेली एक रोहिंग्या बाई वाळूवर बसून नुसता हात जमिनीला लावते आहे, हा त्याचा फोटो. त्या कामासाठी २०१८ साली रॉयटर्सच्या चमूबरोबर त्याला पुलित्झर पारितोषिक मिळालं. १६ जुलै २०२१ ला अफगाणिस्तानात स्पिन बोल्डकला तो मारला गेला. मागं आईवडील, बायको आणि दोन लहान मुलं.

आणि फातिमा हसूना. गाझात राहणारी पंचवीस वर्षांची मुलगी. ती युद्धावर गेली नाही, युद्धच तिच्या दारात आलं. आपल्या गल्लीतलं, आपल्या माणसांचं जगणं ती टिपत राहिली. तिच्यावरचा माहितीपट फ्रान्समध्ये कानला दाखवला जाणार असं जाहीर झालं आणि दुसऱ्याच दिवशी, १६ एप्रिल २०२५ ला, इस्रायलच्या हवाई हल्ल्यात ती घरातल्या माणसांसह मारली गेली. तिचं लग्न ठरलेलं होतं.

पत्रकारांच्या रक्षणासाठी काम करणाऱ्या न्यूयॉर्कच्या सीपीजे या संस्थेच्या नोंदीनुसार २०२४ या एका वर्षात जगभरात निदान १२४ पत्रकार आणि माध्यमांतली माणसं मारली गेली. त्यांतले बहुतेक परदेशातून आलेले पाहुणे नव्हेत, गाझातलेच रहिवासी होते.

मग मी काय सांगितलं?

भाची आली ती तयारीनंच. "मामी, तू पण 'जाऊ नको'च म्हणणार ना?"

मी म्हटलं, "नाही. पण चार गोष्टी विचारणार आहे. रक्त थांबवायला येतं का तुला?"

ती गप्प. तेव्हा तिला टिम हेदरिंग्टनची हकिगत सांगितली. २०११ साली लिबियात मिसराता शहरात हा छायाचित्रकार जखमी झाला आणि रक्तस्रावानं गेला. त्याच्या मित्रानं त्यानंतर एक संस्था काढली. पदरमोड करून युद्धात काम करणाऱ्या पत्रकारांना ती प्रथमोपचार शिकवते, आवळपट्टा कसा बांधायचा, सोबत्याला कसं जगवायचं, ते. कॅमेऱ्याच्या भिंगावर पैसे घालण्याआधी हे शिकून घ्यायला हवं. शिरस्त्राण, चिलखती जाकीट, विमा, ओळखीचा स्थानिक गाडीवान आणि दुभाष्या, ठरल्या वेळी घरी फोन, हे सगळं असल्याखेरीज पाऊल टाकू नये. आणि एवढं करूनही हमी नाही. आन्या नीडरिंगहाउस ही एपी वृत्तसंस्थेची अनुभवी छायाचित्रकार ४ एप्रिल २०१४ ला अफगाणिस्तानात पोलिसांच्या संरक्षणात मोटारीत बसली होती. एका पोलिसानंच तिच्यावर गोळ्या झाडल्या.

"आणि शेवटची गोष्ट," मी म्हटलं, "परत आल्यावर माझ्याकडं यायचं आणि सांगायचं. सगळं. मला झेपणार नाही असं वाटलं तरी."

ती काही बोलली नाही. नुसता माझा हात धरून बसली.

मग मी नणंदेला म्हटलं, "तू तिला अडवशील तर ती न सांगता जाईल. त्यापेक्षा सांगून जाऊ दे. तुझं काम ती परत आल्यावरचं आहे. रात्री दचकून उठली तर जवळ बसायचं, 'विसर' म्हणायचं नाही, आणि गरज पडली तर डॉक्टरांकडं न्यायला लाजायचं नाही."

आणि मैत्रिणींनो, ज्यांच्या घरातलं कुणी कॅमेरा घेऊन कुठं जाणार नाही, त्यांच्यासाठीही थोडं सांगते:

• असा फोटो पाहिला की खालची ओळ वाचा. कुठला, केव्हाचा, कुणी काढलेला. ते नाव एकदा मनाशी उच्चारा.

• फोनवर आलेला युद्धाचा फोटो शहानिशा केल्याशिवाय पुढं ढकलू नका. जुने फोटो नवे म्हणून फिरतात, आता तर यंत्राकडून बनवून घेतलेलेही येतात. एक खोटा फोटो दहा खऱ्या फोटोंवरचा विश्वास घालवतो.

• मुलांनी पाहिलाच तर पान हिसकावून घेऊ नका. जवळ घ्या, त्यांच्या वयाला झेपेल इतकं खरं सांगा, आणि त्यांना काय वाटलं ते विचारा. अगदी लहानग्यांपुढं मात्र टीव्हीवर तीच तीच दृश्यं चालू ठेवू नका.

• फोटोतली बाई आपल्या घरातली असती तर तिचा असा फोटो आपल्याला चालला असता का, हे स्वतःला विचारा. मग दुसऱ्यांना दाखवायचा की नाही ते ठरवा.

भाची अजून कुठं गेलेली नाही. सध्या रोज सकाळी एका रुग्णालयात प्रथमोपचाराच्या वर्गाला जाते. नणंद परवा आली होती, या वेळी फोन करून. जाताना चपला घालता घालता म्हणाली, "वहिनी, आज पेपरात त्या नदीकाठच्या बायकांचा फोटो आला होता ना, तो एका मुलीनं काढलाय. नाव वाचलं मी."